रिसीव्हरसमोर जायचं कोणी?

माइकची वायर शेपटीसारखी गळून पडली, त्या काळातली ही गोष्ट. वायर पडताना मी स्वतः पाहिली आहे, तेव्हा शंका काढू नका.

एका नाट्यगृहात नवाकोरा ट्रान्समीटर आला. नटाच्या कमरेला बसायचं आणि त्याचा आवाज हवेतून रिसीव्हरकडे धाडायचा, हे त्याचं काम; तो पकडून स्पीकरला द्यायचा, हे रिसीव्हरचं. साउंडवाले इस्माईलभाई म्हणाले, "चल बाबा, रिसीव्हरसमोर उभा राहा. त्याचा चॅनेल तू घेतलास की जुळलं."

"मी बोलणारा, तो ऐकणारा. त्यानं यावं माझ्याकडे."

"अरे, त्याला स्क्रूनं कपाटात आवळलंय. येतो कुठला?"

"मग मी माझा चॅनेल घेतो," म्हणत त्यानं अगदी रिकामा चॅनेल निवडला. तिथे कुणाचीच लुडबुड नव्हती.

तिसरी घंटा झाली. ट्रान्समीटर कमरेला लावून इंदुमतीबाई रंगमंचावर गेल्या. तो जीव तोडून बोलला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, आम्हीपण तिकीट काढलंय हो."

मध्यंतरात इस्माईलभाईंनी त्याला खोक्यात टाकलं आणि एक जुना, चरे पडलेला ट्रान्समीटर रिसीव्हरसमोर धरला. हिरवा दिवा लागला. पुढचं नाटक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

प्रयोग संपला, माणसं गेली. खोक्यातून ट्रान्समीटर म्हणाला, "चुकलो रे. मी येतो तुझ्यासमोर."

शब्दन् शब्द स्वच्छ होता, जराही खरखर नाही. रिसीव्हर मात्र शांत होता. माफीसुद्धा त्यानं आपल्याच चॅनेलवर मागितली होती.