घाट चढल्यावरचा दम

खेड्यात पिकअप नवीन आल्या, तेव्हाची गोष्ट. हैबती कांदा भरून घाट चढायचा आणि दारात पोचल्या पोचल्या चावी फिरवून इंजिन बंद करायचा. डिझेल वाचतं म्हणे. शहाणाच.

गोठ्यातला म्हातारा बैल म्हणाला, "चढावरून आलो की हाच हैबती मला आधी दम खाऊ द्यायचा."

"तुझ्या तोंडाला फेस दिसायचा, गड्या," इंजिन थकून म्हणालं. "चढून आल्या आल्या एकदम बंद केलं, की तेल फिरायचं थांबतं आणि तापल्या लोखंडावर आतल्या आत जळतं, ते कुणाला दिसतं? दोन मिनिटं हळू चालू ठेवलं तरी जीव निवेल."

एक दिवस ऐन घाटात इंजिन जाम झालं. हैबतीनं गोठ्यातली बैलजोडी आणून जुंपली आणि पिकअप ओढून वर काढली. माथ्यावर बैलांची पाठ थोपटत म्हणाला, "दम खा रे लेकरांनो, घाई नाही."

इंजिनानं ते ऐकलं. आता ते गारच होतं.