सुभाना, जेवलास का?

फार वर्षांमागची गोष्ट आहे. किती मागची म्हणाल, तर नारवड्यात तेव्हा एकही स्लॅब पडलेला नव्हता. डोंगरावरून पाहिलं की सगळं गाव तांबडं दिसायचं, कारण घरोघर कुंभारी कौलं होती. आता तिथून पाहिलं की काळ्या टाक्या दिसतात. असो. टाक्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

त्या नारवड्यात सुभाना नावाचा एक कुंभार होता. कौलं तोच थापायचा, तोच आव्यात भाजायचा, आणि पावसाआधी घरं शाकारायची वेळ आली की अंगणात उभं राहून कौलं वर फेकायचाही तोच. वर आढ्यापाशी राणू सुतार बसलेला असायचा. राणू नुसतं ‘हं’ म्हणायचा, की सुभानाच्या हातातलं कौल निघायचं आणि राणूच्या ओंजळीत अलगद जाऊन बसायचं. तोवरच्या हयातीत त्याच्या हातून एक कौल फुटलं नव्हतं, असं म्हणतात.

आणि सुभाना बोलायचा. केवढं बोलायचा! कौल फेकताना बोलायचा, चिखल तुडवताना बोलायचा, रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून त्याच्या सासुरवाडीची चौकशी करायचा. बायका पाण्याला निघाल्या की सुभानाचं दार टाळून वरच्या वाटेनं जायच्या, कारण खालच्या वाटेनं गेलं की घागर घरी पोचेपर्यंत चूल विझायची. त्याची बायको आनसा म्हणायची, “ह्यांचं तोंड म्हंजे आवा. पेटला की तीन दिस विझत न्हाई.” पण हे म्हणताना ती हसायची.

आता चेंडूफळीचं सांगतो, कारण हल्ली तो खेळ कुणाला ठाऊक नसतो. चिंध्यांचा घट्ट चेंडू, वरून चामडं शिवलेलं. हातात एक फळी. एका बाजूचे नऊ गडी, प्रत्येकाला पाच चेंडू. फेकणाऱ्यानं फेकायचं, फळीवाल्यानं टोलवायचं. आणि नऊच्या नऊ गड्यांच्या फळीला एकदाही चेंडू लागला नाही, तर तो डाव कोरा. कोरा डाव ही ऐकायची गोष्ट होती, बघायची नव्हे. कुणाच्या तरी पणजोबानं पाहिला होता म्हणे, आणि त्यावरही लोकांचा फारसा विश्वास नव्हता.

नारवड्याचा चेंडू अर्थातच सुभाना फेकायचा, आणि त्याच्यामागं झेलायला राणू. नाही, चुकलो, समोर. फळीवाल्याच्या पाठीमागं. जुन्या गोष्टी सांगताना असं होतं.

त्या वर्षी पाडव्याला कोंडशेत गावाशी डाव होता. नेमकी त्याच दिवशी सुभानाची दाढ ठणकायला लागली. गाल सुजून वर आला. आनसानं दाढेत लवंग दाबली आणि उपरण्यानं जबडा करकचून बांधला. त्याला बोलता येईना, म्हणून दुसरंही कुणी त्याच्याशी बोललं नाही. बिचाऱ्याला उत्तर द्यायला कशाला लावायचं, एवढाच विचार. सुभाना मुकाट्यानं फेकत राहिला आणि कोंडशेतचे गडी एकामागून एक रिकामी फळी घेऊन परत गेले. शेवटचा गडी परतला तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं की डाव कोरा गेला. त्या दिवशी चेंडू फळीजवळ आला की वाट वाकडी करून पुढं जायचा, असं म्हणतात.

आता गावानं काय म्हणावं? कुणी म्हणालं नाही की सुभानाचा हात चांगला आहे. तो तर रोजचाच होता. पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “आरं, त्यो गप बसला म्हणून झालं हे. आपण बी कुणी बोललो न्हाई. बोललं की लागलं.”

झालं. ‘बोललं की लागलं’ हे साऱ्या गावाच्या डोक्यात पक्कं बसलं. हनुमान जयंतीला शिरोळीशी डाव होता. दाढ केव्हाच बरी झाली होती, पण त्या दिवशी सकाळपासून सुभानाशी कुणी अवाक्षर बोललं नाही. त्यानं राम राम घातला तर लोक आभाळाकडं बघू लागले. सुभानाला गंमत वाटली. एक दिवसाचा तर प्रश्न, म्हणून त्यानंही ओठ मिटून घेतले. आणि दुसराही डाव कोरा गेला. चेंडू इतका हळू यायचा की फळीवाल्याला त्याची शिवण मोजता यायची, आणि फळी फिरवली की चेंडू तिथं नसायचाच, असं म्हणतात.

एका हंगामात दोन कोरे डाव! पंचक्रोशीतले लोक नुसतं सुभानाला बघायला येऊ लागले. आता राहिला होता अक्षयतृतीयेचा डाव, मानवळशी. मानवळ म्हणजे नारवड्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. मधे अठरा दिवस होते. पाटलांनी चावडीपुढं सगळ्यांना जमवून सांगितलं की तिसराही कोरा हवा असेल, तर हे अठरा दिवस सुभानाशी कुणी बोलायचं नाही. अगदी कुणीही नाही. आनसाकडं वळून ते म्हणाले, “तू बी न्हाई बाई. गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय.”

कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो. लोक त्याच्या दारात दुधाचा तांब्या ठेवून जायचे, काकड्या ठेवून जायचे, आणि तो बाहेर येताना दिसला की लगबगीनं निघून जायचे. देवाशी वागावं तसं त्याच्याशी वागत होते. आणि देवाशी तरी लोक बोलतात.

पहिले दोन दिवस सुभाना हसला. तिसऱ्या दिवशी त्यानं आनसाला विचारलं, “तू तरी बोल की गं.” आनसानं ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि पदर तोंडाला लावून परसात निघून गेली. मग तो गाढवांशी बोलू लागला. गाढवं ऐकून घ्यायची, कारण त्यांना पाटलांचा हुकूम कळलेला नव्हता. पण नुसतं ऐकून घेणाऱ्याशी माणूस किती बोलणार?

दहाव्या दिवशी तो राणूबरोबर एका घरावर कौलं चढवायला गेला. राणू वर बसला, सुभाना खाली उभा राहिला. राणू ‘हं’ म्हणेना. तो नुसता हात पुढं करायचा. सुभानानं बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी कौल फेकलं. ते राणूच्या बोटांना निसटतं लागून अंगणात पडलं आणि फुटलं. सुभानानं तुकडे गोळा केले आणि त्या दिवशी तो दुपारीच घरी परतला. तो रडला का, हे कुणी पाहिलं नाही. राणूनं मात्र त्या दिवशी छपरावर बसून डोळे पुसले, असं म्हणतात.

अक्षयतृतीया आली. माळावर दोन्ही गावं लोटली होती. एवढी माणसं, पण नारवड्याच्या बाजूला इतकी शांतता की टिटवी दचकून उडाली. सुभाना वाळला होता, डोळे खोल गेले होते. पण हात तोच होता. मानवळचे आठ गडी आले आणि गेले, कुणाच्याच फळीला चेंडू शिवला नाही.

नववा गडी होता येसबा. साठीचा म्हातारा. मानवळचा नेहमीचा गडी तापानं निजला होता म्हणून नऊची भरती करायला त्याला उभं केलं होतं. येसबानं चार चेंडूंवर फळी फिरवली, ती चारही वेळा वाऱ्यालाच लागली. एक चेंडू उरला. तेवढा गेला की तिसरा कोरा. पाटलांनी डोळे मिटून घेतले होते.

तेव्हा येसबानं फळी जमिनीला टेकवली, सुभानाकडं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, “सुभाना, लई वाळलास रं. जेवलास का?”

ही मानवळकरांची युक्ती होती, असं नारवड्यातले लोक अजून म्हणतात. मानवळकर म्हणतात, छे, ही तर आमच्याकडची रीतच. खरं काय ते येसबाला ठाऊक. पण राणू दोन्ही हात हलवून सुभानाला खुणावत होता की बोलू नकोस, एकच चेंडू राहिलाय.

सुभानानं राणूकडं पाहिलं. आनसाकडं पाहिलं. हातातल्या चेंडूकडं पाहिलं. मग त्यानं चेंडू खाली ठेवला.

“न्हाई बाबा,” तो म्हणाला. “घासच उतरत न्हाई. अठरा दिस झालं, कुणी ‘जेव’ म्हणालं न्हाई बघ.”

आणि तो तिथंच माळावर बसून बोलू लागला. येसबाही फळी मांडीवर घेऊन समोर बसला. सुभानानं त्याला फुटलेल्या कौलाचं सांगितलं, गाढवांचं सांगितलं, दाराशी ठेवलेल्या काकड्या कशा सुकून गेल्या ते सांगितलं. येसबा मधून मधून “मग?” म्हणायचा. सावल्या लांब होईपर्यंत दोघं बोलत होते, आणि सूर्यही ऐकायला डोंगरावर थांबून राहिला होता, असं म्हणतात.

मग सुभाना उठला, धोतर झटकलं, आणि बोलता बोलताच त्यानं शेवटचा चेंडू फेकला. येसबानं फळी फिरवली.

टक्क.

सबंध हंगामात त्या माळावर सुभानाच्या चेंडूचा तो पहिला आवाज. चेंडू वर गेला, पाटलांच्या पागोट्यावरून गेला, देवळाच्या कळसावरून गेला. लोकांनी ओढा धुंडाळला, रान धुंडाळलं, पण चेंडू मिळाला नाही. तो अजून खाली पडलेलाच नाही, असं म्हणतात.

सुभानानं मुद्दाम दिला का? राणूला लोकांनी मरेपर्यंत विचारलं. तो म्हणायचा, “चेंडू चांगला व्हता. फळी बी चांगली व्हती.”

पण आधी त्या संध्याकाळचं ऐका. सारं गाव जे सुटलं! “आरं मुडद्या, टकुरं फिरलं का तुझं?” “एक चेंडू, एक चेंडू गप बसवंना?” “अठरा दिस तोंडं दाबून बसलो ती ह्याच्यासाठी?” पाटील तर पागोटं काढून आपटत होते. सगळे एकदम बोलत होते, आणि सगळे त्याच्याशीच बोलत होते. सुभाना मधोमध उभा होता, एकेका तोंडाकडं बघत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना हसत होता. शिव्या तर शिव्या. त्यातली एकही त्यानं वाया जाऊ दिली नाही.

गर्दीतून वाट काढत आनसा पुढं आली. तिला किती बोलू आणि किती नको असं झालं होतं. “आवं,” ती म्हणाली, “तुमच्या भैनीला लेक झाली. आठ दिस झालं निरोप येऊन.”

 पाटलांनी पागोटं उचललं, पण डोक्यावर ठेवलं नाही. ते सुभानाजवळ गेले आणि खाली मान घालून म्हणाले, “चल, आज माझ्याकडं जेवायला चल. पोरीचं नाव काय ठेवायचं ते बी बोलू.”

सुभाना पुढं पुष्कळ वर्षं जगला, पुष्कळ बोलला. कोरा डाव त्याच्या हातून परत कधी झाला नाही, आणि तो व्हावा म्हणून कुणी खटपटही केली नाही.

आता तो माळ निम्मा राहिलाय, कौलं गेली, चेंडूही दुकानातला असतो. पण अक्षयतृतीयेला दोन्ही गावं अजून जमतात. त्या दिवशी चेंडू कुणाच्याही हातात असो, त्याला सुभानाच म्हणायचं. मानवळचा पहिला गडी फळी टेकवतो आणि विचारतो, “सुभाना, जेवलास का?” आणि चेंडूवाल्यानं खरं उत्तर द्यायचं, जेवढं मनात असेल तेवढं. त्याला कुणी घाई करत नाही.

बहुतेक जण हसून “व्हय, जेवलो” म्हणतात आणि चेंडू फेकतात. पण तीन वर्षांमागं चेंडू होता इचलकरंजीहून डावासाठी गावी आलेल्या शंकर लोहाराकडं. आदल्या थंडीत त्याची आई गेली होती, आणि गावातलं घर तेव्हापासून बंद होतं. तो “न्हाई” म्हणाला आणि खाली बसला. समोरचा गडी बसला, मग हळूहळू दोन्ही गावं त्याच्याभोवती येऊन बसली. दिवस मावळेपर्यंत तो बोलत होता. त्या वर्षी डाव झालाच नाही. लोक उठले, कपडे झटकले आणि शंकरला जेवायला घेऊन गेले.