घरात आत्या फिरली का?

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, सांजोळीच्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं तेव्हाची. ऐकायची असेल तर नीट मांडी घालून बसा. आणि ती दाराच्या बिजागरीपाशी बोटं घालून कोण बसलीय? वाऱ्यानं दार लागलं तर बोटं चेंगरतील, सांगून ठेवते. बघा, हसतेय. तेव्हाही माणसं अशीच होती, म्हणून तर ही गोष्ट घडली.

तर सांजोळीत ठकूआत्या नावाची हाडवैदीण होती. लहान वयात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. गावची लेक, म्हणून अख्ख्या गावाची आत्या. तिचे वडील बैलांची हाडं बसवायचे, ती माणसांची बसवू लागली. बांबूच्या कांब्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि हळदीचा लेप, एवढंच तिचं सामान. पण मोडल्या जागेवर तिनं कान टेकवला की हाड तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात. माणूस सांगायचा, बाजेवरून उतरताना पडलो. हाड सांगायचं, खोटं आहे, हा शिडीवरून पडलाय, आणि शिडी मोडकी आहे हे ह्याला चांगलं ठाऊक होतं. मग आत्या हाड बसवायची आणि बसवता बसवता माणसाला अशी सोलून काढायची की हाडापेक्षा बोलणं जास्त लागायचं.

तिला राग येणार नाही तर काय होईल! सण आला की गोडाधोडाबरोबर जखमाही ठरलेल्या. पंचांग न बघता आत्याला सण कळायचा. झोक्यावरून पडलेली पोरं दारात आली की समजायचं, नागपंचमी आहे. होरपळलेले हात आले की दिवाळी. होळीच्या जाळावरून उड्या मारणारे दरसाल तेच बाप्ये, गेल्या सालचा डाग मिरवत यायचे. भाजल्यावर कुणी राख चोळून यायचं, कुणी लोणी थापून. आत्या करवादायची की आधी गार पाणी घाला रे, नुसतं गार पाणी, आणि घालत राहा. ते माना डोलवायचे आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा राख चोळून हजर.

धुळाप्पा म्हणून एक होता. त्याच्या दारातली वरची पायरी हलायची. त्या पायरीवरून पडून त्याचा हात मोडला, मग बायकोचा पाय मुरगळला, मग सणाला आलेला जावई तोंडावर आपटला. काय करायचं होतं? पायरीखाली दगडाची एक चीप बसवायची होती. तर म्हणे, एवढा सण झाला की बघू. तो सण व्हायचा आणि दुसरा यायचा. आत्यानं त्याच्यापुढे हात टेकले होते.

पण खरी गोम वेगळीच होती. सांजोळीत कुणी कुणाला सावधच करायचं नाही. का? तर म्हणे वास्तू तथास्तु म्हणते. तुमच्याही घरी सांगत असतील की भरल्या घरात वाईट बोलू नये, वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते. सांजोळीकरांनी ते असं काही मनावर घेतलं होतं की, पोर माळ्याच्या काठावर लोंबकळत असलं तरी आई ‘पडशील’ म्हणायची नाही. ओठ दाबून, तोंड फिरवून उभी राहायची. सणाच्या दिवशी तर फारच सोवळं. आंघोळीच्या उकळत्या हंड्याला ‘गरम’ म्हणायचं नाही, ‘थंड हंडा’ म्हणायचं. मग एखादं पोर थंड म्हणून त्यात हात घालायचं, आणि सगळं घर रडत आत्याच्या दारात.

आत्या तेवढी उलट्या तऱ्हेची. तिला दिसलं की ती बोलायची, आणि तेही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. ती ‘पडशील’ म्हणून ओरडली की वरचं पोर दचकायचं आणि खरंच पडायचं. झालं, गावानं ठरवून टाकलं, ठकूआत्याची जीभ काळी आहे. पाय बसवून घ्यायचा तिच्याकडूनच, आणि पाय बसला की दोष द्यायचा तिच्या जिभेला. काय म्हणावं अशा लोकांना!

आत्या धाकट्या भावाकडे राहायची, हैबतीकडे. हैबतीची बायको गिरजा. एका नागपंचमीला त्यांचा मुलगा भिवा जुनाट दोराच्या झोक्यावर उभा राहून झोके घेत होता. आत्यानं अंगणातून ओरडून सांगितलं की पडशील. त्यानं वळून पाहिलं, हात सुटला आणि मांडीचं हाड मोडलं. आत्यानं ते असं बसवलं की दिवाळीच्या आत पोरगा ओढ्यापर्यंत पळू लागला. पाय सरळ झाला, पण गिरजाचं मन काही सरळ झालं नाही. तिनं नवऱ्याला बजावलं की ह्यापुढे सणाच्या दिवशी वन्संनी घरात यायचं नाही, गोठ्याजवळच्या पडवीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हैबती मान खाली घालून उभा राहिला. आत्या कुणाला काही बोलली नाही. गोठ्यात गेली आणि दिवेलागणीपर्यंत म्हशीला मात्र बोलत बसली, असं म्हणतात.

पुढे गिरजाला मुलगी झाली. बारशाला आत्या लागतेच, नाव तिनंच ठेवायचं असतं, त्याला गिरजाचाही इलाज नव्हता. आत्या पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात ‘साळू’ म्हणाली. बाळानं तिचं बोट धरलं ते सोडेचना. त्या दिवसापासून आत्याचा जीव त्या पोरीत अडकला. एरवी साळू दिवसभर तिच्या पदराला धरून असायची. पण सण आला की साळू घरात, आत्या पडवीत आणि मधे उंबरा. आत्या पडवीतून आतल्या चुलीकडे बघत बसायची आणि तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. साळू भाजली असती तर हात लावायला तिलाच बोलावणार होते. भाजू नये म्हणून बोलायची मात्र तिला बंदी होती.

साळू घरभर दुडुदुडु धावायला लागली तेव्हाची दिवाळी. दुपारची वेळ होती. गिरजा चकल्या तळत होती, शेजारच्या बायका मदतीला आल्या होत्या. कढईत काठोकाठ तेल, तेही कडकडीत तापलेलं. कढई एका अंगाला कललेली, त्यात टाकलेल्या झाऱ्याचा दांडा हातभर बाहेर आलेला. आणि बायका? बायका कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगण्यात अशा रंगल्या होत्या की चूल पेटलीय की विझलीय, त्यांना पत्ता नव्हता. साळू मांजराला शेव दाखवत होती आणि खिदळत एकेक पाऊल मागे सरत होती. मागे चूल होती. हे सगळं पडवीतून एकट्या आत्याला दिसलं.

शब्द तिच्या ओठावर आला. भाजशील. पण तेवढ्यात तिला झोक्यावरचा भिवा आठवला, वळून पाहणारा. आजवर ती ज्या ज्या पोरावर ओरडली ते दचकून तिच्याकडे बघायचं, आणि बघितलं की हात तरी सुटायचा नाहीतर पाय तरी चुकायचा. साळू आता दचकली तर मागेच जाणार होती. ‘भाजशील’ म्हटल्यावर पोराला कुठं दुखणार ते कळतं, पाय कुठं टाकायचा ते कळत नाही. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आपल्याला कशी कळली नाही, म्हणून आत्याला स्वतःचाच भयंकर राग आला. त्या रागातच ती उठली आणि बंदी बाजूला ठेवून उंबरा ओलांडून आत आली.

गिरजानं वर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण आत्या ओरडली नाही. ती खाली बसली, दोन्ही हात पुढे केले आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “साळू, माझ्याकडे ये.”

साळूनं हातातली शेव टाकली आणि धावत जाऊन आत्याच्या कुशीत शिरली. त्याच वेळी वर आढ्यातून आवाज आला, “तथास्तु.” तिथल्या सगळ्या बायकांनी तो आपल्या कानांनी ऐकला, असं म्हणतात. मग मांजरानं शेवेवर झेप घेतली, त्याचा धक्का झाऱ्याच्या दांड्याला लागला, कढई कलंडली आणि साळू जिथं उभी होती तिथं सगळं तेल पसरलं. मांजर टुणकन माळ्यावर गेलं. तेल जमिनीवर कितीतरी वेळ चरचरत होतं.

बायका हात जोडून आढ्याला नमस्कार करू लागल्या, वास्तूनं पोर वाचवलं म्हणून. ते ऐकलं आणि आत्याचं डोकंच फिरलं. साळूला छातीशी धरून ती आढ्याकडे बघत वास्तूशीच भांडायला लागली. म्हणाली, इतकी वर्षं वर बसून सगळं बघतेस. पोरं पडली, पोरं भाजली, मी त्यांची हाडं जुळवून म्हातारी झाले, आणि तू आपली तथास्तु तथास्तु करत बसलीस. एवढी मोठी वास्तू ना तू, मग कढई जरा नीट करायला तुला काय झालं होतं?

मग आढ्यातून उत्तर आलं, आणि तो आवाज अगदी आत्यासारखाच वैतागलेला होता, असं म्हणतात.

“ठकू, मला नुसतं तोंड आहे गं. हात तुम्हाला दिलेत.”

गिरजा उठली. कुणी घसरू नये म्हणून तिनं सांडलेल्या तेलावर राख पसरली. कलंडलेली कढई निवल्यावर चुलीवर नीट बसवली, तेल निम्मंच ओतलं, झाऱ्याचा दांडा भिंतीकडे वळवला. मग सणासाठी काढलेला पाट झटकून मांडला आणि म्हणाली, “वन्सं, इथं बसा. आणखी काय काय करायचं ते सांगा.” आत्याच्या डोळ्यांना पाणी आलं, पण तिनं दोष चुलीच्या धुराला दिला आणि लाकडं ओली आणली म्हणून हैबतीला तिनं फैलावर घेतलं.

त्यानंतर प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी ठकूआत्या घरोघर फिरू लागली. घरात शिरली की आधी खाली बसायची, रांगत्या पोराच्या उंचीवर डोकं आणायची आणि तिथून सगळं घर बघायची. ‘पडशील’ नाही की ‘भाजशील’ नाही. म्हणायची, गरम हंडा आडोशाला राहील. विळी आडवी पडेल आणि फळीवर जाईल. झोक्याला नवा दोर लागेल, आणि त्याला पहिला लोंबकळेल तो घरातला सगळ्यात जाड माणूस. दिव्यापाशी जाताना पदर खोचलेला असेल. एवढं बोलून ती बघत बसायची. कुणीतरी उठून ते करेपर्यंत आढ्यातून चकार शब्द यायचा नाही. केलं की लगेच यायचं, तथास्तु.

धुळाप्पाकडे मात्र गंमत झाली. आत्या त्याच्या त्या पायरीवर बसली आणि म्हणाली, ही पायरी हलणार नाही. तथास्तु आलं नाही. धुळाप्पानं आढ्याला हात जोडले. आलं नाही. उदबत्ती लावली, नारळ वाढवला, तरी आलं नाही. सासुरवाडीची माणसं दारात खोळंबली, आतला स्वयंपाक निवाला, आणि आत्या पायरीवरून उठेना. शेवटी हा पठ्ठ्या गेला, दगडाची चीप घेऊन आला आणि पायरीखाली ठोकली. एवढंसं काम. तेव्हा कुठं तथास्तु आलं, पण त्याआधी घरानं एक मोठा सुस्कारा सोडला, असं म्हणतात.

हळूहळू आत्याच्या दारातली गर्दी ओसरली. तिच्या कांब्यांच्या टोपलीत कोंबडी अंडी घालू लागली. आत्या कोंबडीला शिव्या द्यायची, पण टोपली कधी हलवली नाही.

खूप म्हातारी होऊन ती गेली. सणाला गेली नाही, साधा वार बघून गेली. सणाच्या घाईत खांदेकऱ्यांपैकी कुणीतरी पडेल, ही तिची शेवटची काळजी होती म्हणे. तिला नेलं तेव्हा सांजोळीतल्या सगळ्या घरांची आढी एकदम करकरली, आणि त्यानंतर त्या गावात वास्तूचा आवाज कुणी ऐकला नाही.

पण आजही सांजोळीत सणाच्या आदल्या दिवशी घरची लेक घरभर फिरते. माहेरी आलेली असली तर ती, नाहीतर धाकटी पोरगी. आधी खाली बसते, रांगत्या पोराच्या उंचीवरून बघते, आणि काय कुठं राहील ते सांगते. आता गॅस आला, गिझर आला, फटाके आले, तशी तिची बडबडही वाढली. ती सांगते, घरचे उठून करतात, आणि वास्तू आता बोलत नाही म्हणून सगळे मिळून स्वतःच म्हणतात, तथास्तु. कढई चढवण्याआधी, फुलबाजी पेटवण्याआधी तिथं एकच विचारतात, घरात आत्या फिरली का?

संपली गोष्ट. आणि ही बया अजून बिजागरीपाशीच आहे. मघापासून चेंगरतील चेंगरतील म्हणून माझा घसा सुकला.

जाऊ दे. ये बाळ, इकडे माझ्याशेजारी बस. हं, अशी.

आता म्हणा सगळ्यांनी. नाही, थांबा. आधी त्या दाराला कुणीतरी दगड लावा, मग म्हणा.