शेवटच्या पानापासून वाढलेली पंगत

ही गोष्ट मला सांगायची नव्हती. वाचनालयाची मंडळी तीन वेळा घरी आली. म्हणाली, "निवडणूक जवळ आलीय, चार शहाणपणाचे शब्द लिहून द्या." शहाणपण काय किलोवर मिळतं? मी चौथी नापास. पण चहा संपला तरी मंडळी उठेनात, म्हणून लिहितो. कुणी माझ्या लिहिण्यात दुरुस्त्या करू नयेत.

एकदा एक म्हातारा आचारी होता. पंचक्रोशीतल्या प्रत्येक सप्ताहाची पंगत त्याच्याच हातची. सगळे त्याला मामा म्हणत. त्याच्या हाताखाली वाढप शिकलेला एक शिष्य पुढे पुढारी झाला आणि विधानसभेला उभा राहिला.

सप्ताहाची सांगता होती. त्या दिवशी हा उमेदवार सकाळीच मामांच्या चुलाणापाशी आला. हातात कागद, कागदावर अकरा कामं.

"मामा, संध्याकाळी सभा आहे. निवडून आलो तर पहिलं काम कोणतं, ते जाहीर करायचंय. एकदा बोललो की माघार नाही. कुणी म्हणतं बाजारतळ आधी, कुणी म्हणतं व्यायामशाळा. डोकं चालेना झालंय."

मामांचा झारा थांबला नाही. "शेवटचं काय लिहिलंयस?"

"ओढ्यावरचा पूल. पलीकडच्या वस्तीसाठी. गरज आहे हो, पण तिथं मतं चौऱ्याऐंशी."

गावातला एक मोठा व्यापारी तिथेच उभा होता. त्याला वेशीवर वडिलांच्या नावाची कमान हवी होती. तो म्हणाला, "कमान पहिली घे, बाजारपेठ तुझी. नाहीतर आम्हाला दुसरे उमेदवार आहेत."

बाजारपेठ गेली तर निवडणूक गेली, हे उमेदवाराला कळत होतं. त्याने मामांकडे पाहिलं.

मामा म्हणाले, "आधी पंगत वाढ. मग बोलू."

पंगत बसली. तीनशे पानं. वरचं टोक देवळापाशी, तिथे मानकरी, व्यापारी, पाहुणे. खालचं टोक ओढ्याकडे. वस्तीवरची माणसं पोरं खांद्यावर घेऊन, गुडघाभर पाणी तुडवत येणार, त्यांना उशीर होणार, ती खाली बसणार. वाढप सुरू व्हायचं वरून. वर मूठ सैल सुटते, खाली येईतो आखडते, आणि शेवटच्या वीस-पंचवीस पानांना बुंदी संपते. "संपली" म्हटलं की ती माणसं निमूट वरणभात खाऊन उठायची. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, आणि बुंदीचं घमेलं मीच धरायचो.

उमेदवाराने कमरेला पंचा बांधला आणि तो वरच्या पहिल्या पानापाशी वाकला. फोटोवालाही सरसावला. तेवढ्यात मामांनी त्याचं मनगट धरलं, त्याला सगळ्या पंगतीच्या कडेने चालवत नेलं आणि शेवटच्या पानासमोर उभं केलं. मागोमाग घमेलं घेऊन मी.

"इथून वाढ."

"मामा, वर माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. सकाळी मिसळ खाऊन आलीत ती."

त्या पानावर एक म्हातारी बसली होती. तिने पानावर हात आडवा धरला. "चुकला का रं बाबा? बुंदीची सुरुवात तिकडनं असती."

"नाही आजी. आज इथनं."

"मग घाल की मूठभर! आखडतो कशाला? मतं मागताना तर दोन्ही हात जोडतो."

खालचं टोक खदाखदा हसलं. उमेदवारही हसला, आणि त्याची मूठ सैल झाली.

वाढत वाढत आम्ही वर आलो, आणि अठरा पानं उरली असता घमेलं रिकामं झालं. त्या अठरात तो व्यापारी होता.

"बुंदी कुठाय?"

"संपली," मी म्हणालो.

"संपली म्हणजे? घरी पोचवलीस का? बुंदीचोर!"

तीनशे माणसांनी ऐकलं. मी घमेलं खाली ठेवलं. त्याने लगेच आपला माणूस दुकानाकडे पिटाळला. बेसन आलं, साखर आली, तुपाचा डबा आला. मामांनी कढई पुन्हा चढवली. अर्ध्या तासात वरच्या टोकाला गरम बुंदी पोचली. व्यापाऱ्याने दोनदा मागून घेतली.

पंगत उठल्यावर मामा हात धूत उमेदवाराला म्हणाले, "चाळीस वर्षं खाली बुंदी संपतेय. एकदा तरी कढई पुन्हा चढलेली पाहिलीस?"

"नाही."

"आज वर संपली. किती वेळ लागला?"

"अर्धा तास."

"वर कमी पडलं की ओरड होते, आणि ओरडणाऱ्याच्या कनवटीला दुकानाची किल्ली असते. त्याचं अडत नाही. खाली कमी पडलं तर माणूस पान उचलून चालता होतो. तुझी अकराही कामं चांगली आहेत, एकही टाकू नकोस. फक्त ज्याची ओरड कुणाला ऐकू येत नाही, त्याच्यापासून वाढायला लाग."

"आणि बाजारपेठ फिरली तर? मी पडेन, मामा."

"पडशीलही. त्यावर माझ्याकडे औषध नाही. मी आचारी आहे."

संध्याकाळी सभेत उमेदवाराने कागद खालून वर वाचला. पूल पहिला, कमान शेवटची. बाजारपेठेच्या बाजूने टाळी पडली नाही. वस्तीवरच्यांचीही नाही, कारण अंधाराआधी ओढा ओलांडायचा म्हणून ती माणसं केव्हाच निघून गेली होती. तरी त्याने शेवटपर्यंत वाचलं. मामा मागे बसून विड्याचं पान लावत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

तो निवडून आला. काठावर आला, पण आला. पूल झाला. कमानीचं म्हणाल, तर ती व्यापाऱ्याने दोन वर्षांत स्वतःच बांधली, आणि चांगली बांधली.

तेव्हा दारी उमेदवार आला तर पहिलं काम कोणतं हे विचारू नका. शेवटचं कोणतं, ते विचारा.

बाकी माझं समाधान आहे. वस्तीवरची माणसं आता पंगतीला वेळेवर येतात, आणि बुंदी दोन्ही टोकांना पुरते. फक्त मला चोर म्हणालेल्या त्या व्यापाऱ्याने अजून माझी माफी मागितलेली नाही. त्याचं नाव छापायचं असेल तर नीट छापा: सोपानशेठ बोऱ्हाडे.