हौसाबाईची शाल

“मग माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा की बाबा…”

धर्मनाथबाबांनी सुईत दोरा ओवला. मठाच्या ओट्यावर बसून झोळीची उसवलेली शिवण घालत राहिले.

सतेज खालच्या पायरीवर बसला होता. मांडीवर कोरी शाल, शालीवर नारळ. सत्काराला म्हणून निघालेला माणूस, सत्कार न करताच मठात येऊन टेकला होता.

हाच सतेज पोरवयात पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचा. म्हणजे पेठेतल्या गोरगरिबांची रोजची बचत. खांद्याला पिशवी अडकवून संध्याकाळभर दारोदार. कुणी दहा द्यायचं, कुणी वीस. फुटाण्याच्या भट्टीवरची हौसाबाई पैशांवर फुटाण्यांची एक गरम मूठही द्यायची. “खा रं. गालफडं बघ कशी बसल्यात!”

पुढं तो पुण्याला गेला, शिकला, ॲपवाल्या कंपनीत साहेब झाला आणि आपलंच गाव सुधारायला परत आला. आता त्यानं संस्थेला करून दिलेल्या ॲपमुळं खात्यातले पैसे रोज आपसूक पिग्मीत जाऊन पडत. कुणी कुणाच्या दारात जायला नको. पिग्मीवाले घरी बसले.

हौसाबाईच्या फोनवर तर त्यानं स्वतःच्या हातानं सगळं बसवून दिलं. म्हातारी म्हणाली होती, “म्हंजे आता तू यायचा न्हाईस व्हय?”

तो हसला होता.

मार्चअखेरीला संस्थेनं ठरवलं, वर्षभरात एकही दिवस न चुकवलेल्या खातेदाराचा सत्कार करायचा. कॉम्प्युटरनं नाव काढलं, हौसाबाई. सतेज फोटोग्राफर घेऊनच गेला. बघतो तर भट्टी थंड आणि दाराला कुलूप.

शेजारीण म्हणाली, “आवं सायेब, म्हातारी दिवाळीतच गेली की. दोन दिवस कुणाला पत्ता न्हाई. मग वास सुटला…”

आणि आता शिमगा आला होता. पैसे रोज जातच होते.

“खात्यात शिल्लक होती, बाबा. यंत्राला काय कळणार? पण मी सुधारणा करतोय. रोज सकाळी फोनच विचारेल, बरं आहे का? माणसानं नुसतं बटण दाबायचं.”

“आणि नाही दाबलं तर?”

“तर ऑफिसात लाल दिवा लागेल.”

“ऑफिसात कोण असतं?”

सतेज नारळाची शेंडी पिळत राहिला.

बाबा गुडघ्यावर हात दाबून उठले. माठातलं पाणी प्यायले. माठावरचं झाकण सतेजनं तेव्हा पाहिलं. त्यानंच गेल्या पावसाळ्यात हौसेनं आणून दिलेली क्यूआरची पाटी होती ती. ‘बाबा, या वयात कशाला पाय झिजवता? दक्षिणा फोनवर येईल,’ असं म्हणून दारावर ठोकून दिली होती.

“पाटी माठावर ठेवलीत?”

“बरोबर बसते.”

भिक्षेची वेळ झाली होती. बाबांनी झोळी खांद्याला लावली आणि चालू लागले. रोजची पाच दारं. सतेज शाल-नारळ सावरत मागोमाग निघाला.

दोन दारं झाली. तिसरं हौसाबाईचं.

बाबा कुलपासमोर उभे राहिले.

“अलख!”

…

“बाबा, इथं कुणी नाही आता.”

बाबा हलले नाहीत. भट्टीच्या तोंडात एक चिमणी गेल्या वर्षीची राख उकरत होती.

सतेज बाबांच्या पुढ्यात आला. “तुम्ही तर रोज यायचात की या दारात! मग तुम्हाला कसं कळलं नाही?”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बाबा कुलपाकडंच बघत होते.

“दिवाळीत गुडघ्यानं धरलं होतं,” ते म्हणाले. “पाटीवर पैसे येत होते… मी बसून राहिलो.”



सतेजनं शाल उंबऱ्यावर ठेवली. वर नारळ ठेवला. नारळ गडगडत भट्टीपाशी गेला. त्यानं उचलून पुन्हा ठेवला, आणि हात तिथंच राहिला.

“आता मी काय करू, बाबा?”

बाबांनी आपल्या खांद्यावरची झोळी काढली आणि सतेजच्या खांद्याला अडकवली. पिग्मीची पिशवी असायची, त्याच खांद्याला.

“पुढच्या दारी हाक तू दे.”

“मी? बाबा, अख्खी पेठ ओळखते मला. साहेबाला भिक्षा कोण घालणार?”

“भिक्षेचं राहू दे,” बाबा म्हणाले. “दार कोण उघडतं, तेवढं बघ.”