पाण्यातला श्वास

“आशा नाही, असं सरळच सांगून टाकू का, मॅडम?”

डॉ. मृगांक देवस्थळीने दाराशी येऊन हळू आवाजात विचारलं. गर्भाच्या सोनोग्राफीत मिरजेत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला जरा जास्तच.

डॉ. झुबेदा मुजावर यांनी नवजात बाळांवर शस्त्रक्रिया करण्यात हयात घालवली होती. त्या आत आल्या. टेबलावर शिरोळची पद्मजा मगदूम निजली होती. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

“काय दिसलं?”

“छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक आहे. आतडी वर चढलीत. यकृतही. हृदय बाजूला ढकललं गेलंय. आणि फुप्फुस...” त्याने स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवलं, “एवढंसं.”

“माप नीट घेतलंस?”

“माझं माप चुकत नाही, मॅडम.”

मॅडमनी हात पुढे केला आणि तळव्याने ते आकडे झाकले.

“आता बघ.”

तो बघत राहिला. बाळाची छाती हलली. थांबली. पुन्हा हलली...

“काय करतंय ते?”

“श्वासाचा सराव. पोटातली सगळीच बाळं करतात.”

“आत हवा आहे?”

“नाही. पाणी.”

“मग ते कुणाच्या भरवशावर करतंय?”

शास्त्रातलं उत्तर मृगांकला पाठ होतं. पण तो खाली वाकून त्या इवल्या छातीची हालचाल मोजू लागला.

मॅडमनी हात काढला. “आकडा खरा आहे. तो तिला सांग, लपवू नकोस. पण ‘नाही’ हा शब्द त्यात कुठे आहे, ते आधी मला दाखव.”

मृगांकने पद्मजाला सगळं सांगितलं.

“म्हणजे अवघड हाय,” ती म्हणाली. “पण हाय.”

बाळंतपणाच्या दिवशी तो कोपऱ्यात उभा राहिला. एरवी अशा खोलीत सगळ्यांचे कान पहिल्या रडण्याकडे लागलेले असतात. इथे उलटंच. बाळाने रडू नये म्हणून सगळे जपत होते. रडलं, की पोटात हवा जाणार, छातीत चढलेली आतडी फुगणार आणि ते एवढंसं फुप्फुस पार दबणार.

बाळ आलं. रडायच्या आत त्याच्या घशात नळी गेली. खोलीत चिडीचूप.

“रडलं का न्हाई?” पद्मजाने मान उचलून विचारलं.

“आम्हीच रडू दिलं नाही, बाई,” मॅडम म्हणाल्या. “लेक आहे.”

लेक कधी निळी पडे, कधी पुन्हा गुलाबी होई. मॅडम थांबल्या. ती जरा स्थिरावल्यावरच त्यांनी शस्त्रक्रिया केली, आतडी खाली उतरवली आणि भोक शिवलं.

त्याच सुमारास तसाच आजार असलेलं आणखी एक बाळ जन्मलं. त्याच्या फुप्फुसाचं माप चांगलं होतं. “काळजी करू नका,” असं मृगांकने त्याच्या बापाला छातीठोकपणे सांगितलं होतं.

ते बाळ गेलं.

त्या बापासमोर मृगांक बसून राहिला.

पुढे एका सकाळी मॅडमनी त्याला नवजात कक्षात बोलावलं. मगदूमांच्या लेकीची नळी काढायची होती.

नळी निघाली.

काहीच नाही...

मग छाती उचलली गेली. आणि आवाज आला. घोगरा, मांजराच्या पिल्लासारखा, पण आवाज! हातातली कामं टाकून नर्सा वळल्या. पद्मजाने पदर तोंडात कोंबला. आपण हात जोडलेत हे मृगांकला मागाहून कळलं.

“मॅडम, माझं माप चुकलं होतं का?”

“नाही.”

“मग त्या दुसऱ्या बाळाचं?”

“तेही नाही.”

“मग हे जगलं कसं? आणि ते...”

मॅडम रडणाऱ्या लेकीकडे बघत होत्या, पहिल्यांदाच मूल बघावं तशा.

“कळलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर मी केव्हाच घरी बसले असते.”