पारूआजीचा सैल चुडा

एका गावात नेमाण्णा नावाचा एक कासार होता. बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता त्याचे केस पिकले होते. मनगटाला चिकटून बसेल अशी लहान मापाची बांगडी तो न टिचवता चढवायचा. त्या गावात सैल बांगडीला बायका हसायच्या. "कुणाच्या मागून आणल्यास का गं?" असं विचारायच्या. त्यामुळे नेमाण्णाला मोठा मान होता.

त्याच गावात पारूआजी राहायची. तिची नात मंजुळा हिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. रीत अशी होती की हिरवा चुडा आधी घरातल्या थोरल्या सवाष्णीच्या हातात भरायचा, मग नवरीच्या. भरताना रक्त आलं तर तो अपशकुन मानत. तो मान आजीचा होता, आणि मंजुळेला तिनेच वाढवलं होतं. पण आजीच्या हाताची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. दाराची कडी लागली तरी ओरखडा उठायचा.

सून हौसा म्हणाली, "सासूबाई, हात असेच राहिले तर चुड्याला मंजुळेच्या आत्याबाईंना बसवू."

त्या दिवशी आजीला जेवण गेलं नाही.

बाजारात एक लेपवाला आला होता. तो ओरडत होता, "घरगुती, नैसर्गिक! आठ दिवसांत कातडी म्हशीसारखी जाड!" लेपात लिंबू, मीठ आणि विटेची भुकटी होती. हौसाने तो आणला आणि सासूच्या हातांवर खसाखसा चोळला. तिसऱ्या दिवशी हात लालबुंद झाले आणि एका जागी कातडी सोलली. हौसा तरातरा बाजारात गेली, तर लेपवाला पुढच्या गावी निघून गेला होता. असले लोक आठव्या दिवशी कधीच सापडत नाहीत.

आजी हौसाला घेऊन नेमाण्णाकडे आली. "नेमाण्णा, तू एवढे हात पाहिलेस. कातडी जाड करायचा काही उपाय सांग."

त्याने काहीतरी पाला वाटून दिला असता तरी गावाने विश्वास ठेवला असता. नेमाण्णा म्हणाला, "आजी, वयाने पातळ झालेली कातडी चार दिवसांत जाड करणारा उपाय मी पाहिलेला नाही. आहे ती जपायची. लेप फेकून द्या. लिंबू, उटणं, अंग घासायची वजरी हाताला लावू नका. कोमट पाण्याने हात धुवा, टिपून घ्या, मग खोबरेल हलक्या हाताने फिरवा. सोललंय तिथे मात्र काही चोळू नका. ते भरलं नाही तर वैद्यांना दाखवा. उन्हात जाताना हात पदराखाली घ्या."

"एवढंच?" हौसा म्हणाली. "यात औषध कुठंय?"

"हौसाबाई, औषध लावलंत की तुम्ही. दिसतंय ते."

हौसाने घरी जाऊन लेप फेकून दिला. चार दिवस तिने स्वतः सासूच्या हातांना तेल लावलं. जखम भरली. कातडी पातळच होती, पण मऊ झाली होती.

चुड्याच्या दिवशी अंगण बायकांनी भरलं. नेमाण्णाने सवयीने लहान मापाची बांगडी उचलली. ती अंगठ्याच्या हाडापाशी अडली. कातडी ताणली गेली. आजीने ओठ दाबून धरला.

नेमाण्णाने बांगडी मागे घेतली आणि दोन मापं मोठी काढली.

मागून कुणीतरी म्हणालं, "नेमाण्णा, म्हातारा झालास की रे! हात गेला तुझा!"

नेमाण्णाचे कान लाल झाले. पण त्याने मान वर केली नाही. आजीच्या मनगटावर तेलाचं बोट फिरवून त्याने एकेक बांगडी अलगद आत सरकवली. ना ओरखडा, ना रक्ताचा थेंब.

आजीने हात हलवला. चुडा खळखळ वाजला. बायका हसायला लागल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने आजी हसली. "हसा गं! लग्नघरात माझा हात कुठे आहे ते आता सगळ्यांना कळेल."

मंजुळेने आपला हात पुढे केला. "अण्णा, मलाही आजीसारख्याच वाजणाऱ्या भरा."

पुढच्या बाजाराला नेमाण्णाच्या दुकानापुढे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या, आणि एकीलाही घट्ट बांगडी नको होती.

तात्पर्य: घरगुती म्हटलेलं सगळंच भलं नसतं. वयाने आलेलं नाजूकपण झटक्यात घालवतो म्हणणाऱ्यापेक्षा, ते मान्य करून जपायला शिकवणारा आणि त्यासाठी आपला तोरा बाजूला ठेवणारा माणूसच खरा हितचिंतक.